हरवलेले तीस व्होल्ट

भौतिकशास्त्राच्या सरांना गालगुंड झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आईंचं अजूनही ठाम मत आहे. आई म्हणजे सरांच्या आई. आणि सर म्हणजे भूगोलाचे सर. त्यांना शाळेत, दुकानात, जिन्यात सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. बायको एरवी ‘अहो’ म्हणते, पण फार रागावली की तीही ‘सर’ म्हणते, आणि मग सर पायांत चपला सरकवून कोपऱ्यापर्यंत फिरून येतात.

शाळेचं वेळापत्रक सरांच्या ताब्यात. कुणी गैरहजर असलं की त्याचा तास कुणाच्या गळ्यात मारायचा हे सर ठरवत, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांना समोर मान आणि पाठीमागे भरपूर शिव्या मिळत. गालगुंडाच्या दिवशी मात्र मोकळा गळाच सापडेना. शेवटी सरांनी तो तास स्वतःवर ओढून घेतला, आणि जन्मभर नदीचं कार्य शिकवलेल्या माणसाने दहावीसमोर विजेचा धडा उघडला.

धडा उघडला आणि सर हरखले. काय सुटसुटीत कारभार! व्होल्टेजला करंटने भागा, रेझिस्टन्स मिळतो. व्होल्टेजला करंटने गुणा, पॉवर मिळते. बस्स. भूगोलात असं कधी मिळतं का? तिथे पाऊस ‘साधारणपणे’ पडतो आणि जमीन ‘बहुतांशी’ काळी असते. इथे दोन आकडे घ्यायचे, एकदा भागायचे, एकदा गुणायचे, की संपला विषय! सरांनी त्या तासाला फळ्यावर इतकी गणितं सोडवली की घंटा झाल्यावरही ते थांबेनात, आणि पुढच्या तासाच्या मराठीच्या बाई दारात उभ्या राहून खाकरत होत्या.

घरी आले तेच अस्वस्थ होऊन. हातात सूत्र आहे आणि ते चालवायला काही नाही, ही अवस्था फार वाईट. सरांनी पंख्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं. आणि स्वयंपाकघरात बायको ओट्याला टेकून उभी होती. तिच्यासमोर एक केक होता आणि केकच्या मधोमध एक खड्डा होता.

आता या खड्ड्याबद्दल सांगायला हवं. सरांची बायको केक करत असे आणि फार चांगले करत असे. आधी तिच्याकडे लहानसा ओव्हन होता. त्यातले केक जिन्यात, मग गल्लीत, मग दवाखान्यात पोचले, आणि मागण्या वाढल्या तसा तिने स्वतःच्या कमाईतून भला मोठा ओव्हन आणला. “छंद म्हणून ठीक आहे,” असं सर त्या वेळी म्हणाले होते. मोठ्या ओव्हनला स्वयंपाकघरातला पॉइंट पुरणार नाही, नवी लाइन ओढावी लागेल, भिंत फोडावी लागेल, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. सरांनी त्याला परत पाठवलं. हॉलमध्ये एसीसाठी बसवलेला दणकट पॉवर पॉइंट होता. एसी काही आला नव्हता. सरांनी माळ्यावर पडलेली जुनी वायर काढली, तीन तुकडे एकमेकांना पिळून काळी टेप गुंडाळली आणि हॉलमधून थेट ओव्हनपर्यंत नेली. जास्तीची वायर वेटोळं करून आईंच्या खुर्चीखाली सरकवली. या कामगिरीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही, ही सरांची जुनी खंत होती.

आणि त्या नव्या ओव्हनमधला एकही केक धड होईना. कडा तयार, मधे खड्डा. खड्ड्यात सुरी घातली की चिकट. बायकोने अंडी बदलली, पीठ बदललं, डबे बदलले. शेवटी तिने मान्य करून टाकलं की हात बिघडला. हे ती कुणाकुणाला सांगायला लागली तेव्हा सर खड्ड्यातला चिकट भागसुद्धा चमच्याने खरवडून संपवू लागले.

“रविवारी दवाखान्यात निरोपसमारंभ,” ती खड्ड्याकडे बघत म्हणाली. “मेट्रनबाईंनी तीन मजली केक सांगितलाय. हा नीट झाला तर दवाखान्याच्या कँटीनला रोजचा स्पंज माझ्याकडून घेणार आहेत. त्या स्वतः बोलल्यात. आणि मी त्यांना काय नेऊन देऊ, तीन मजली खड्डा?”

“थांब,” सर म्हणाले. “आपण मोजू.”

“काय मोजू?”

“व्होल्टेज आणि करंट. मग रेझिस्टन्स आणि पॉवर आपोआप बाहेर पडतात.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. “शनिवारी दुपारपर्यंत मोजा काय मोजायचं ते. मग मी मेट्रनबाईंना फोन करून नाही म्हणून सांगणार, आणि ओव्हन विकून टाकणार.”

सर त्याच पावली मीटर आणायला गेले. विजेच्या सामानाच्या दुकानदाराने एक पिवळा मीटर पुढे केला, त्याला एक लाल आणि एक काळी शेपटी होती. “काय मोजायचंय?” दुकानदाराने विचारलं. “सगळं,” सर म्हणाले. दुकानदार काहीतरी समजावून सांगायला लागला, पण सरांना घाई होती, आणि आपण दहावीला शिकवतो हे त्याला सांगायचंही होतं. ते सांगून झाल्यावर दुकानदाराने समजावणं सोडून मीटर बांधून दिला.

घरी येऊन सरांनी मीटरचा खटका ‘अँपिअर’वर नेला. भिंतीत करंट किती आहे ते आधी पाहू, असा साधा विचार. नदीत पट्टी बुडवली की पाण्याची खोली कळते, तसं. आता भिंतीतल्या दोन भोकांत असा मीटर खुपसला की तो करंट मोजत नाही, तो सगळा करंट स्वतःच्या अंगावर घेतो, हे धड्यात नव्हतं. निदान सरांनी वाचलं तिथपर्यंत तरी नव्हतं. त्यांनी लाल शेपटी एका भोकात घातली, काळी दुसऱ्या भोकात घातली, आणि फाट्‌दिशी असा आवाज झाला की आई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, ज्या एरवी पाहुणे आले तरी उठत नसत.

मीटरमधून धूर निघाला. घरातला फ्यूज खरं तर तिथल्या तिथे जायला हवा होता. पण तो सारखा जातो म्हणून सरांनीच मागे एकदा त्यात जाड तार घातली होती. त्यामुळे घरातला फ्यूज शाबूत राहिला आणि अख्ख्या इमारतीचा गेला. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी बाहेर निघेपर्यंत जिन्यात सगळी बिऱ्हाडं जमली. पाणी सोडायचं होतं, इस्त्री चालू होती, कुणाची मालिका रंगात आली होती. प्रत्येकाने सरांना सल्ला दिला. रबरी चपला घालायला हव्या होत्या. लाकडी पाटावर उभं राहायला हवं होतं. डाव्या हाताने करायला हवं होतं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “सर, तुम्ही आपला भूगोलच करा बाई,” आणि हे सरांना फार लागलं. सेक्रेटरी लिफ्टच्या फटीतून ओरडून म्हणाले की ही सूचनाफलकावर लावण्यासारखी गोष्ट आहे, आणि बाहेर आल्यावर त्यांनी ती खरंच लावली.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. सर थांबले नाहीत, कारण फलकावर आपलं नाव लागलं आहे आणि केक अजून बसलेलाच आहे, या दोन गोष्टी त्यांना स्वस्थ बसू देईनात. शाळेतही ते मधल्या सुट्टीत कागदावर भागाकार करत बसत. शुक्रवारी ते वरच्या मजल्यावर टेलिफोनकाकांकडे गेले.

टेलिफोनकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हत्यारं भरपूर आणि ती वापरायला जागा कुठेच नाही, त्यामुळे कुणी काही मागायला आलं की ते हत्यारासकट स्वतःच येत. त्यांनी टाँग टेस्टर काढला. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखा तोंड उघडणारा मीटर. वायर न तोडता, नुसता वायरीभोवती पकडायचा की करंट दिसतो. “यात फाट्‌ होत नाही,” काका म्हणाले. सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे लावून घेतलं पण दाखवलं नाही.

ओव्हन सुरू केला. सरांनी चिमटा उघडून वायर त्यात धरली. मीटर म्हणाला, शून्य.

“शून्य?” बायको म्हणाली.

सरांनी चिमटा झटकला, पुन्हा धरला. शून्य. ओव्हन धडधडीत तापलेला, आतला दिवा लागलेला, आणि करंट शून्य! सरांनी लगेच गणित मांडलं. व्होल्टेज भागिले शून्य. त्यांना घाम फुटला. “रेझिस्टन्स अनंत येतोय,” ते हळूच म्हणाले. “आणि पॉवर शून्य. म्हणजे हा ओव्हन विजेवर चालतच नाही.”

“मग कशावर चालतो, माझ्या नशिबावर?”

टेलिफोनकाकांनी मजा पुरेशी बघून घेतली आणि मग ते खुर्चीतून उठले. “अहो सर, दोन्ही तारा एकदम धरल्यात तुम्ही. एकीतून जातो, दुसरीतून परत येतो, बेरीज शून्य. एकच तार धरा.” त्यांनी वायरीचे दोन पदर जरासे सोडवून वेगळे केले. सरांनी एक पदर चिमट्यात घेतला. आठ अँपिअर. मग काकांनी स्वतःचा दुसरा मीटर व्होल्टवर ठेवून ओव्हनपाशी लावला, सरांच्या हातात न देता. दोनशे व्होल्ट.

सर जमिनीवरच बसले आणि भाजीच्या पिशवीवर गणित करू लागले. दोनशे भागिले आठ, पंचवीस ओहम. दोनशे गुणिले आठ, सोळाशे वॅट. मग ते गुडघ्यांवर रांगत ओव्हनच्या मागे गेले आणि तिथली पाटी वाचली. दोनशे तीस व्होल्ट, एकवीसशे वॅट.

“अगं!” सर ओव्हनच्या मागूनच ओरडले. “सोळाशे! एकवीसशेच्या जागी सोळाशे! याला पाव हिस्सा जेवणच मिळत नाहीये. कडा होतात, मधे पोचतच नाही. तुझा हात बिघडलेला नाही! व्होल्टेज बिघडलंय!”

बायकोने पदराने उगाचच स्वच्छ ओटा पुसला. मग म्हणाली, “खरंच?” आणि तो ‘खरंच’ इतका लहान होता की सरांना वाटलं, हे तीस व्होल्ट मी कुठूनही आणीन.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्या सुटल्या सर वीज कार्यालयात गेले. तक्रारीच्या खिडकीत एक बाई होत्या.

“आमच्याकडे व्होल्टेज कमी आहे,” सर म्हणाले.

“तक्रारीचे प्रकार तीन,” बाई म्हणाल्या. “वीज गेली, मीटर जोरात पळतो, खांब पडला. यातलं काय झालंय?”

“वीज गेलेली नाही. आहे, पण कमी आहे.”

“कमी असं नसतं. असते किंवा नसते.”

“बाई, दोनशे तीसच्या जागी दोनशे येतंय. मी स्वतः मोजलंय.”

“कुठे मोजलंत? मीटरपाशी?”

“ओव्हनपाशी.”

“मीटरपाशी मोजा आणि मग या.”

आता कुणीही माणूस या वाक्यावर क्षणभर विचार करेल. पण सर अपमानाने इतके लाल झाले होते की ते वाक्य त्यांच्या कानात शिरलंच नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना मोजून तास देणाऱ्या माणसाला कुठे मोजायचं हे ही बाई सांगणार! “लिहा, खांब पडला,” ते म्हणाले. बाईंनी शांतपणे लिहिलं आणि पावती दिली.

खांब पडल्यावर मात्र वीज कार्यालय झपाट्याने हलतं. सर घरी पोचतात तोच शिडीची गाडी, तिच्यामागे दोरखंड, तिच्यामागे चार लाइनमन आले. ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, मग परत आले. सगळे खांब उभे होते. मुख्य लाइनमन कमरेवर हात ठेवून म्हणाला, “खांब कुठाय?”

“खांब म्हणजे... तसा उभाच आहे,” सर म्हणाले. “पण व्होल्टेज पडलंय.”

लाइनमनने खाली मीटरपाशी जाऊन मोजलं. दोनशे तीस. त्याने तो आकडा सरांना दाखवला, सेक्रेटरींना दाखवला, खाली खेळणाऱ्या पोरांनाही दाखवला, आणि मग शिडी, दोरखंड आणि माणसं घेऊन निघून गेला. सेक्रेटरी खिशातून पेन काढताना दिसले, तेव्हा सर लगबगीने जिना चढून घरात आले.

खाली दोनशे तीस, ओव्हनपाशी दोनशे. तुम्ही-आम्ही असतो तर इथेच डोक्यात दिवा लागला असता. पण सर भूगोलाचे. त्यांच्या डोक्यात नदी होती. उगमाला पाणी भरपूर, खालच्या गावाला कमी, याचा अर्थ एकच: मधली गावं उपसतात. समोरच्यांचा गीझर, वरच्यांची इस्त्री, सेक्रेटरींची पिठाची घरघंटी! सरांनी कागद घेतला आणि जन्मभर जे केलं तेच केलं. वेळापत्रक आखलं. दुपारचा तास: ओव्हन. बाकी सर्वांना सुट्टी. पंखेसुद्धा बंद.

मग ते दारोदार फिरले. कुणाला सूत्र समजावलं, कुणाला हात जोडले. समोरच्या वहिनी आधी नाहीच म्हणाल्या. तेव्हा सरांच्या तोंडून सूत्र संपलं आणि भलतंच निघालं. “वहिनी, ती ओव्हन विकायला निघालीये हो. तिला वाटतंय तिचा हात गेला.” वहिनी आत गेल्या आणि घरचं मेन खाली ओढून आल्या. सेक्रेटरींनीही घरघंटी बंद केली. पण लेखी नाही, तोंडी.

दुपारी सगळी इमारत बंद झाली आणि पंख्याविना घरात बसवेना म्हणून सगळी इमारत सरांच्या हॉलमध्ये आली. माणसं सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, खिडकीत, जमिनीवर. आई आपल्या खुर्चीत, पाय खाली वायरीच्या वेटोळ्यावर ठेवून. घरातलं बाकी सगळं बंद, एक ओव्हन सोडून. ओव्हनमध्ये बायकोने शेवटचा म्हणून एक स्पंज ठेवला होता. सर मिनिटाला आत जात, बाहेर येत, पुन्हा आत जात. बायकोने दोनदा त्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

काकांनी ओव्हनपाशी मीटर लावला.

दोनशे.

“कमाल आहे,” काका म्हणाले. हॉलमध्ये एकच गलका झाला. वीज कार्यालयाचाच डाव आहे. मीटरमध्ये फेरफार केलाय. मोर्चा न्यायला हवा. सेक्रेटरी म्हणाले, मी पुढे राहतो. जो तो सरांच्या बाजूने बोलत होता. फलक लागल्यापासून सरांना एवढा मान कुणी दिला नव्हता.

बायकोने ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं. स्पंजच्या कडा वर आल्या होत्या आणि मधला भाग थरथरायला लागला होता, बसण्याआधी थरथरतो तसा. तिने हात पुसले आणि हॉलमध्ये फोनपाशी जाऊन मेट्रनबाईंचा नंबर लावायला घेतला.

सरांनी काकांच्या हातातून मीटर जवळजवळ हिसकावला. नदी कुठे आटते ते कळत नसेल तर मुखाकडून उगमाकडे चालत जायचं, एवढं एक त्यांना येत होतं. ते वायरीच्या मागोमाग निघाले. स्वयंपाकघर, दार, लोकांचे पाय, आईंची खुर्ची, भिंत. भिंतीतल्या पॉवर पॉइंटशेजारच्या भोकांत त्यांनी टोकं घातली. खटका व्होल्टवर आहे ना हे आधी दोनदा पाहून.

दोनशे तीस.

भिंतीत दोनशे तीस. स्वयंपाकघरात दोनशे. मधे गावं नाहीत, गीझर नाहीत, घरघंटी नाही. मधे फक्त एक वायर. तीन तुकडे पिळून, काळी टेप लावून, सरांनी स्वतःच्या हाताने ओढलेली.

सरांनी आजूबाजूला पाहिलं तर कुणाचंच लक्ष नव्हतं. मोर्चा किती वाजता काढायचा यावर वाद चालला होता. नुसतं गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. सोमवारी हळूच नवी लाइन ओढून घेतली असती, व्होल्टेज सुधारलं असतं, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, सरांनी वीज कार्यालयाला वठणीवर आणलं. सरांना ते चित्र दिसलंसुद्धा. छान होतं.

“हॅलो, मेट्रनबाई,” बायको फोनवर म्हणाली. “उद्याच्या केकबद्दल बोलायचं होतं. त्याचं असं झालंय की माझा हात...”

“वायर माझी आहे!” सर ओरडले.

बायको फोन हातात धरून वळली.

“मीच ओढलेली,” सर म्हणाले. ओरडणं थांबवायचं कसं हे त्यांना कळेना. “कुणाचं काही चुकलेलं नाही. खांबाचं नाही, कार्यालयाचं नाही, तुमच्या घरघंटीचं नाही. आणि हिच्या हाताचं तर मुळीच नाही! तीस व्होल्ट माझी वायर खातेय. तीस गुणिले आठ, दोनशे चाळीस वॅट नुसते वायरीत जळतायत. आणि ती मधे बसल्यामुळे ओव्हनला पुढे करंटच कमी मिळतो.”

“वायरीत जळतायत म्हणजे?” सेक्रेटरींनी विचारलं. “मग ती गरम नको लागायला?”

सगळ्यांच्या नजरा वायरीच्या मागोमाग गेल्या आणि आईंच्या पायांशी थांबल्या.

“गरम आहेच की,” आई म्हणाल्या. “ओव्हन लावला की छान शेक बसतो. म्हणून तर मी हिला म्हणत असते, रोज कर गं केक. गुडघे किती सुधारले माझे!”

टेलिफोनकाकांनी खाली वाकून वेटोळ्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. “आधी बंद करा तो ओव्हन! नशीब समजा घर पेटलं नाही.” आईंचे पाय दोघांनी उचलून स्टुलावर ठेवले. आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. समोरच्या वहिनी तर भिंतीला टेकून हसत होत्या. लोकांनी पंखे बंद करून घाम गाळला होता, चार लाइनमन गल्लीभर हिंडले होते, आणि वीज सगळा वेळ आईंच्या गुडघ्यांत जात होती. सर मधोमध उभे होते. त्यांना चपला घालून कोपऱ्यापर्यंत जावंसं वाटत होतं, पण दारापर्यंत वाटच नव्हती.

बायको हसत नव्हती. ती सरांकडे पाहत होती. फोनमधून मेट्रनबाईंचं “हॅलो, हॅलो” ऐकू येत होतं.

“पाच मिनिटांत करते हं परत,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग म्हणाली, “सर.”

सरांनी मान खाली घातली.

“उचला ओव्हन.”

सर आणि सेक्रेटरी यांनी एक बाजू धरली, काकांनी दुसरी, आणि ओव्हन हॉलमध्ये आणून टीव्हीच्या जागी ठेवला. त्याची स्वतःची पिन थेट पॉवर पॉइंटमध्ये बसली. सरांनी भाजीची पिशवी पुढे ओढली. दोनशे तीस भागिले पंचवीस, नऊ पूर्णांक दोन अँपिअर. नऊ पूर्णांक दोन गुणिले दोनशे तीस, एकवीसशे सोळा वॅट. “बरोबर आलं,” ते पुटपुटले, पण ते ऐकायला कुणी नव्हतं. बायकोने नवं मिश्रण डब्यात ओतून आत सरकवलं होतं आणि सगळी इमारत ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसली होती, क्रिकेटचा सामना बघायला बसतात तशी. सरांना मागून काहीच दिसेना. ते टाचा उंच करून बघू लागले, मग खुर्चीवर चढले, मग खाली उतरले.

कडा वर आल्या. मग मधला भाग वर आला. तो थरथरला नाही. तो कडांच्याही वर गेला आणि तिथेच थांबला. वास जिन्यात गेला.

बायकोने डबा बाहेर काढला आणि केकच्या मधोमध एक बोट दाबलं. बोट उचललं तशी दाबलेली जागा सावकाश वर आली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. ती डोळे मिटून एकदा खोल श्वास घेऊन हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. समोरच्या वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग तिने फोन लावला. “मेट्रनबाई, तीन मजलीच ना? हो, होईल. सकाळी घेऊन जा. आणि कँटीनचं ते स्पंजचं सोमवारपासून म्हणाला होतात, त्यालाही मी तयार आहे.”

फोन ठेवून ती वळली. सर वेळापत्रकाचा कागद हातात चुरगाळत उभे होते.

“रागावलीस?” त्यांनी विचारलं.

“रागवायला वेळ कुठे आहे? तीन मजले भाजायचेत.” तिने मोठं पातेलं त्यांच्या पुढ्यात ठेवलं, त्यात अंडी फोडली आणि हातात तारेची रवी दिली. “फेटा.”

सर मांडी घालून बसले. इतक्या माणसांसमोर, घरघंटीवाल्या सेक्रेटरींसमोर, त्यांनी फेटायला सुरुवात केली. थोड्याच वेळात हात भरून आला. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं, काही फरक दिसेना. ते चुळबुळले.

“अगं, पण किती वेळ फेटायचं? काही हिशेब?”

“मी बास म्हणेपर्यंत,” बायको म्हणाली आणि पीठ चाळायला आत गेली.